शेळी न खाणारं झाड

आपल्याकडच्या माळरानावर कोणतं झाड लावायचं, हे गेली चाळीसेक वर्षं शेळीने ठरवलं आहे. विनोद नाही करत. चिखलीहून कुठल्याही रस्त्याने निघा. बांधावर नि टेकडीवर गिरिपुष्प दिसेल, कुठे निलगिरी, आणि न लावताही माजलेली वेडी बाभूळ तर सगळीकडे. तिघीही परदेशी. आणि तिघींत एक गुण सारखा : शेळी त्यांच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाही.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाचा भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये तर व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले नि कापसाचा बाजार आणि रेल्वेचा फाटा सुरू करून गेले. चिखलीला रेल्वे आजही नाही, पण कापूस घाट चढून आमच्याकडेही आलाच. जिथे नांगर चालेल तिथे पराटी उभी राहिली. गायरानं आक्रसली. चांगलं जंगल सरकारने राखीव केलं. उरला तो मुरमाड बरड, आणि गावाची सगळी गुरं नि शेळ्या त्या बरडावर आल्या. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. माती उघडी पडली, ती पावसागणिक वाहत गेली.

तरी त्या काळातसुद्धा वऱ्हाडच्या सपाटीवर सरकार दोन गोष्टी राखत होतं : गवताचे रमणे आणि बाभूळबनं. बाभूळबन! किती छान शब्द आहे. ही आपली देशी बाभूळ. नांगर, तिफण, बैलगाडी, सगळं तिच्याच लाकडाचं. शेंगा शेळ्यांनी खायच्या, बी त्यांच्या पोटातून जाऊन लेंड्यांबरोबर पडायचं आणि ते अधिक चांगलं रुजायचं. म्हणजे शेळी नि झाड यांचं वैर नव्हतं. फक्त रोपाला वाढायला दोन-चार वर्षं उसंत हवी होती.

ती उसंतच पुढे कुणी दिली नाही. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लाखो हात राबले. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग आला. खड्डे खणायला माणसं मिळाली, रोपंही मिळाली. पण तीन उन्हाळे रोप राखायचं कुणी, हा प्रश्न गावाला विचारायचा म्हणजे भांडण ओढवून घ्यायचं. चराई कुणाची बंद करायची? मग सोपा उपाय निघाला : शेळी खाणारच नाही असं झाड लावा!

त्याचं फळ पाहायचं तर आपल्याच जिल्ह्यात लोणारला जावं. उल्का पडून झालेलं ते विवर २००० साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेलं. आणि त्याच विवरात वेडी बाभूळ इतकी माजली की ती मुळासकट काढण्याचं काम हाती घ्यावं लागलं. ही बाभूळ तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते. पाला शेळी खात नाही, शेंगा मात्र खाते आणि बी गावभर करते. तिच्याखाली गवत धड उगवत नाही. पण गरिबाची चूल तिच्यावर पेटते हेही खरं, म्हणून तिला नुसत्या शिव्या देणं मला बरोबर वाटत नाही.

२०१६ च्या १ जुलैला राज्याने २ कोटी झाडांचा संकल्प केला. मग ४ कोटी, १३ कोटी, आणि २०१९ ला ३३ कोटी. पुढे विधिमंडळात त्याची चौकशीही लागली. त्या वादात मला पडायचं नाही. पण आकडा लावलेल्या झाडांचा होता. राखलेल्या झाडांचा आकडा काढायचा तर गावागावात बसावं लागतं.

असे बसलेले लोक आहेत. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरचा. गावाने चराईबंदी नि कुऱ्हाडबंदी केली, पण गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली. धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवारांनी गावाला घेऊन ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथलं बरंचसं जंगल लावलेलं नाही, थांबून मिळवलेलं आहे. पळस, धावडा यांची मुळं जमिनीखाली जिवंत असतात. चरणं आणि तोडणं थांबलं की तीच फुटतात.

आता हे सगळं घरच्या मंडळींसाठी लिहितोय, कारण आपल्या तीन एकर बरडावर देशी झाडं लावायची असं ठरतंय. हिवर, खैर, बोर, अंजन, पळस, निंब, यादी तयार आहे. अंजनाचं बी जागेवरच पेरू. ते आधी मूळ खोल सोडतं, वर फारसं काही दिसत नाही, तेव्हा "वाळलं" म्हणून उपटू नका! पण यादीतली जवळजवळ सगळी झाडं शेळीला आवडतात. आणि त्या बरडावर एका भूमिहीन घराच्या बारा शेळ्या वर्षानुवर्षं चरतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तारेचं कुंपण घातलं की आपली झाडं वाचतील आणि त्यांचा संसार उघड्यावर येईल.

माझं म्हणणं असं : एका वेळी एकच एकर बंद करू. दोन एकर चराईला मोकळे. बंद एकरातलं गवत त्यांनीच कापून न्यायचं, फुकट. राखण त्यांचीच, आणि तिचे पैसे आपण भावंडांनी वर्गणी काढून द्यायचे. तीन उन्हाळ्यांनी पुढचा एकर. पूर्ण व्हायला नऊ वर्षं लागतील. फोटो काढण्यासारखं त्यात बराच काळ काही नसेल.

दादा, ताई, काका, झाडांची यादी बदलायची असेल तर खुशाल बदला. पण पहिला खड्डा खणायच्या आधी त्या घरी जाऊन बोलायला कोण येतंय, तेवढं मला कळवा.