उतिसंवर्धित केळी रोपे : शेडनेटमधून शेतात नेताना हार्डनिंग कसे करावे?

मृग बागेच्या लागवडीची घाई सुरू झाली, की नेहमी एक तक्रार ऐकू येते. गाडीतून उतरवली तेव्हा रोपे हिरवीगार होती. दुसऱ्या दिवशी मजूर मिळाले म्हणून लगेच लागवड उरकली. चौथ्या-पाचव्या दिवशी पानांवर पांढरट चट्टे पडले, आठवड्याने ते करपून तपकिरी झाले आणि काही रोपे बसली. मग कोणी बुरशीनाशक फवारतो, कोणी युरिया सोडतो, तर कोणी रोपवाटिकेशी भांडतो. अशा बऱ्याच प्रकरणांत रोग नसतो. सावलीत वाढलेले रोप एकदम उघड्या उन्हात आणि वाऱ्यात नेल्याचा तो परिणाम असतो.

नुकसान केवळ मेलेल्या रोपांच्या किमतीएवढे नसते. ६ बाय ५ फूट अंतरावर एकरी साधारण १४५२ रोपे बसतात. त्यातील दहा टक्के मेली, तर १४५ जागांवर पुन्हा रोपे लावावी लागतात. ही रोपे मागे पडतात, शेजारच्या मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात आणि उशिरा निसवतात. त्यामुळे काढणी लांबते आणि एकसारखा माल एका वेळी निघत नाही. जी रोपे करपूनही जगतात, त्यांचेही सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वाया जातात. हे टाळण्यासाठी लागवडीपूर्वीचे दहा-बारा दिवस पुरेसे आहेत.

रोप का करपते?

उतिसंवर्धित रोपाचा जन्म बाटलीत होतो. तेथे तापमान साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस, आर्द्रता जवळपास १०० टक्के आणि प्रकाश जेमतेम दोन-तीन हजार लक्स असतो. उघड्या शेतात दुपारी हाच प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास जातो. म्हणून बाटलीतून काढल्यावर रोपाला टप्प्याटप्प्याने बाहेरची सवय लावली जाते.

पहिल्या टप्प्यात ते ट्रेमध्ये, कोकोपीटसारख्या माध्यमात, जास्त आर्द्रतेच्या पॉलिहाउसमध्ये राहते. दुसऱ्या टप्प्यात पिशवीत भरून ५० टक्के सावलीच्या शेडनेटखाली ठेवतात. प्रत्येक टप्पा साधारण पाच-सहा आठवड्यांचा असतो.

शेडनेटखाली तयार झालेले पान उन्हातल्या पानापेक्षा वेगळे असते. ते पातळ आणि रुंद असते. त्यावरील मेणचट थर कमी असतो. त्यामुळे कोरड्या वाऱ्यात पाणी झपाट्याने उडते आणि इवल्याशा मुळांना तेवढे पाणी पुरवता येत नाही. शिवाय कमी प्रकाशाची सवय असलेल्या हरितद्रव्याला एकदम आलेले तीव्र ऊन पेलवत नाही. ते नष्ट होते आणि पान पांढरे पडते.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सावलीत तयार झालेले पान उन्हाला थोडेफार जुळवून घेते, पण पूर्ण बदलत नाही. खऱ्या अर्थाने काटक असते ते उन्हात उलगडलेले नवे पान. उबदार हवेत केळीला साधारण ७ ते १० दिवसांत एक पान येते. म्हणजे हार्डनिंगचे दहा-बारा दिवस हे रोपाला उन्हाची ओळख असलेले किमान एक पान मिळावे यासाठीच असतात.

रोपे ताब्यात घेताना काय पाहावे?

- उंची सुमारे ३० सें.मी., खोडाचा घेर ५ ते ६ सें.मी. आणि किमान पाच निरोगी, खरी पाने असावीत.
- उंच पण बारीक, पाने लांब अंतरावर आणि फिकट असलेले रोप जास्त सावलीत ताणलेले असते. उंची पाहून भुलू नये.
- दोन-तीन पिशव्या उघडून मुळे पाहावीत. पांढरी, भरपूर मुळे हवीत. तळाशी मुळांचा गोल वेढा पडला असेल, तर रोप पिशवीत जास्त दिवस राहिले आहे.
- पानांवर रेघा, चट्टे, वेडावाकडा आकार किंवा अतिशय खुजी वाढ असलेली रोपे बाजूला काढावीत.
- रोपे विषाणूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र पाहावे. उतिसंवर्धित रोपांसाठी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणीकरण पद्धत २००६ पासून अस्तित्वात आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र तोंडी विचारावा : "ही रोपे नेटखाली किती दिवस होती आणि नेटबाहेर किती दिवस?" नेटबाहेर एकही दिवस काढला नसेल, तर उरलेले काम आपल्याला शेतावर करावे लागेल, असे समजावे.

वाहतूक शक्यतो रात्री किंवा पहाटे, झाकलेल्या गाडीतून करावी. उघड्या पिकअपमध्ये दोन-तीन तास वारा लागला, तरी पाने फाटतात आणि सुकतात.

शेतावरील हार्डनिंगचे वेळापत्रक

लागवडीच्या जागेजवळ, पाणी देता येईल अशा ठिकाणी बांबूवर साडेसहा-सात फूट उंचीवर ५० टक्क्यांचे शेडनेट बांधावे. नेट एका बाजूने गुंडाळता येईल असे असावे. मोठ्या झाडाची सावलीही चालते, पण ती दिवसभर सरकत असते हे ध्यानात ठेवावे. पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात आणि कडेच्या ओळीला बाहेरून माती किंवा ओले गोणपाट लावावे. काळी पिशवी उघडी राहिली, तर उन्हाने तापून मुळे भाजतात.

- दिवस १ ते ३ : रोपे पूर्णवेळ नेटखाली ठेवावीत. प्रवासाचा ताण जाऊ द्यावा. खत देऊ नये.
- दिवस ४ ते ६ : सकाळी ९ वाजेपर्यंत नेट उघडे ठेवावे, नंतर झाकावे.
- दिवस ७ ते ९ : सकाळी ११ पर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर ऊन द्यावे.
- दिवस १० ते १२ : दिवसभर उघडे ठेवावे. तापमान ४० अंशांपुढे जात असेल, तर दुपारी १२ ते ४ नेट ओढावे.

जूनमध्ये एक फसगत हमखास होते. तीन-चार दिवस ढगाळ जातात, रोपे उघडी असूनही टवटवीत दिसतात आणि आपल्याला ती तयार झाली असे वाटते. पाठोपाठ कडक ऊन पडते आणि पाने करपतात. ढगाळ दिवस हार्डनिंगच्या हिशेबात धरू नयेत. तेवढे दिवस वेळापत्रक पुढे सरकवावे.

काटक करायचे म्हणून पाणी तोडू नये. पिशवीतील वरची माती थोडी सुकू द्यावी, पण पाने मलूल होईपर्यंत थांबू नये. या काळात युरिया किंवा जास्त नत्र दिल्यास लुसलुशीत पाने येतात आणि तीच आधी करपतात.

लागवडीच्या दिवशी

लागवड दुपारी चारनंतर करावी, म्हणजे रोपाला पहिली रात्र थंडाव्यात मिळते. आदल्या रात्री जमीन आणि पिशव्या दोन्ही ओल्या कराव्यात. पिशवी ब्लेडने उभी कापून मातीचा गड्डा न फोडता रोप बाहेर काढावे. तळाशी मुळांचा वेढा असल्यास तो हलक्या हाताने सैल करावा. खोडाचा फक्त २ सें.मी. भाग जमिनीत जाईल एवढीच खोली ठेवावी. खोल लावलेले रोप, विशेषतः भारी जमिनीत, कुजण्याची शक्यता वाढते. माती बोटांनी दाबावी, पायाने तुडवू नये. लगेच पाणी द्यावे.

पहिले पंधरा दिवस

गड्ड्याला पाणी : या काळात मुळे पिशवीएवढ्याच जागेत असतात. कोकोपीटचा गड्डा सच्छिद्र, तर भोवतालची काळी माती बारीक कणांची. अशी माती गड्ड्यातील ओलावा आपल्याकडे ओढून घेते. त्यामुळे सरी ओली दिसते, पण रोपाचा गड्डा कोरडा असतो. ड्रीपर रोपाच्या अगदी जवळ आणावा. दिवसातून एकदा भरपूर पाणी देण्याऐवजी थोडे-थोडे दोन वेळा द्यावे. बोट खुपसून गड्डा ओला आहे का, ते पाहावे. उलट, पाणी साचू दिले तर उष्ण हवेत कंदकूज होते.

सावली आणि वारा : मे-जूनच्या लागवडीत रोपांजवळ आधीच ताग किंवा धैंचा पेरलेला असल्यास चांगली सावली मिळते. पावसाळा स्थिरावल्यावर तो कापून तेथेच आच्छादन करावे. खानदेशात पश्चिमेकडून येणारे उष्ण वारे मोठे नुकसान करतात. बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची वारारोधक ओळ लागवडीपूर्वीच उभी असावी. ती नसल्यास त्या बाजूला हिरवे नेट बांधावे.

क्रॉप कव्हर : प्रत्येक रोपावर न विणलेल्या कापडाचे कव्हर घातल्यास ऊन, वारा आणि थंडी तिन्हींपासून बचाव होतो. शिवाय मावा रोपापर्यंत पोचत नाही. कुकुंबर मोझॅक विषाणूचा प्रसार माव्यामार्फतच होतो. त्यामुळे केळीत व आसपास काकडी, भोपळा अशी वेलवर्गीय पिके घेऊ नयेत. पाने कव्हरला टेकू लागली, की ते संध्याकाळी काढावे, भर दुपारी नाही.

प्लॅस्टिक आच्छादन : छिद्र लहान असेल, तर आतली गरम वाफ नेमकी खोडाजवळून बाहेर पडते आणि खोड भाजते. छिद्र पुरेसे मोठे करावे आणि कडेला माती टाकावी.

खत : नवीन पान उलगडू लागल्यावरच ठिबकमधून खताची सुरुवात करावी.

कांदेबागेसाठी वेगळी काळजी

ऑक्टोबरच्या लागवडीत दुपारी ऊन तापते आणि पुढे लगेच थंडी येते. जळगाव भागात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांखालीही जाते. तापमान १६ अंशांच्या खाली उतरले, की केळीची वाढ मंदावते आणि नवे पान येण्यास फार वेळ लागतो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये करपलेले रोप थंडीपूर्वी सावरले नाही, तर फेब्रुवारीपर्यंत तसेच राहते. म्हणून हार्डनिंगचे दिवस मागे मोजून रोपांची मागणी आधी नोंदवावी आणि लागवड वेळेत संपवावी.

करपणे, विषाणू की अन्नद्रव्याची कमतरता?

- उन्हाने करपणे : लागवडीनंतर दोन ते सहा दिवसांत, जुन्या आणि उन्हासमोर असलेल्या पानांवर चट्टे. पोंगा हिरवा व ताठ. पुढचे पान निरोगी.
- कुकुंबर मोझॅक : नव्या पानांवर पिवळसर रेघा, पान अरुंद किंवा कडा वेड्यावाकड्या, काही वेळा पोंगा सडतो. पुढच्या पानांवरही लक्षणे. असे रोप उपटून नष्ट करावे.
- लोहाची कमतरता : नवे पान एकसारखे फिकट, शिरा तुलनेने हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत जास्त.
- कंदकूज : रोप मलूल, हलके ओढताच उपटते, कंद मऊ व दुर्गंधीयुक्त.

केवळ उन्हाने करपले असेल, तर फवारणीची गरज नाही. अर्धवट हिरवी पाने कापू नयेत, तीच रोपाला जगवतात. सावली करावी, गड्डा ओला ठेवावा आणि नव्या पानाची वाट पाहावी. पोंगाही सुकला असेल, तर वाट न पाहता नांगी भरावी. यासाठी पाच टक्के जादा रोपे पिशवीतच, पण नेटबाहेर सांभाळावीत. नांग्या तीन आठवड्यांच्या आत भराव्यात.

कुंडीतल्या झाडांनाही हाच नियम

थंड देशांत राहणारी मराठी कुटुंबे कढीपत्ता हिवाळाभर घरात ठेवून उन्हाळ्यात अंगणात नेतात, तेव्हाही हेच घडते. काचेतून येणारा प्रकाश आपल्याला भरपूर वाटला, तरी झाडासाठी ती सावलीच असते. रात्रीचे तापमान सातत्याने १२-१३ अंशांच्या वर राहू लागल्यावर कुंडी आधी पूर्ण सावलीत, मग सकाळच्या उन्हात आणि दोन आठवड्यांनी मोकळ्यावर न्यावी. शोभेच्या झाडांची रोपवाटिका असलेल्या शेतकऱ्यांनीही ग्राहकाला ही सूचना जरूर द्यावी.

कृषी सहायकांनी तक्रारीच्या भेटीत औषध सुचवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : रोपे नेटबाहेर किती दिवस होती, लागवड किती वाजता झाली आणि गड्डा ओला आहे का. उत्तरे मिळाली, की निम्मे निदान तेथेच होते. आणि शेतकरी बंधूंनो, मजूर उद्या मिळतात म्हणून रोपे उद्या लावू नका. रोपे ज्या दिवशी तयार होतील, त्या दिवसाचे मजूर आधी ठरवा.