नकली चेरी ते खाऊचं पाकीट

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळ जाळून राखेतून आयोडीन काढण्याचा मोठा धंदा होता. जाळण्यात शेवाळातलं बरंच काही फुकट जातं, हे एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनतज्ज्ञाला खटकत होतं. त्याने शेवाळ सोड्याच्या पाण्यात मुरवलं, तेव्हा एक चिकट द्रव्य सुटलं. १८८१ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं आणि नाव ठेवलं ‘अल्जिन’.

हे द्रव्य सोडियमच्या संगतीत पाण्यात विरघळतं, पण कॅल्शियमच्या पाण्यात त्याचा थेंब टाकला की त्यावर लगेच साय धरते. कॅल्शियमला जणू दोन हात असतात. अल्जिनच्या दोन लांब साखळ्या तो एकमेकींना बांधून टाकतो. याच युक्तीवर विल्यम पेशार्टने नकली चेरी बनवली. १९४६ च्या त्याच्या अमेरिकी पेटंटच्या शीर्षकात चेरीच्या जोडीला ‘मऊ पापुद्रे’ही आहेत.

२००३ मध्ये स्पेनमधल्या ‘एल बुली’ उपाहारगृहात फेरान आद्रिया यांनी त्याच रीतीने रसाचे गोळे वळले. पुढे दहाएक वर्षांनी लंडनमध्ये शिकणाऱ्या रोद्रिगो गार्सिया गोन्सालेस आणि पिएर पास्लिए यांनी अशा आवरणात पाणी भरलं, तो ‘ऊहो’. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंसाठी पेय भरलेले ३०,००० हून अधिक ऊहो होते.

पातळ प्लॅस्टिकला पर्याय शोधणारं टॉम फोर्ड पारितोषिक २०२३ मध्ये तीन कंपन्यांना मिळालं आणि तिघींचाही कच्चा माल शेवाळच: पास्लिए यांची ‘नॉटप्ला’, कॅलिफोर्नियाची ‘स्वे’ आणि नेहा जैन यांची महाराष्ट्रातली ‘झीरोसर्कल’.

महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्येच काढली होती. तरी वेफर्सची पाकिटं गावोगाव आहेतच. भोर-महाड रस्त्यावरच्या हिर्डोशीत फेकलेलं पाकीट नीरेत गेलं आणि धरणात अडकलं नाही, तर भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडे निघतं. याच रस्त्यावरच्या वरंधा घाटाखालचा अरबी समुद्र जवळ असूनही.

मग वेफर्सना शेवाळाचं पाकीट का नाही? पाण्याशी त्याचं सख्य आहे म्हणून ते कुजतं आणि त्याच कारणाने दमटही होतं. घाटातल्या पावसात आतले वेफर्स सादळणार. म्हणून नॉटप्ला शेवाळाचा लेप जेवणाच्या कागदी खोक्यांना आतून देते. तिथे तेल-रस्सा जेवण होईपर्यंत अडवला की झालं. महिनोन्‌महिने कुरकुरीतपणा टिकवायचं काम अजून प्लॅस्टिकच करतं.