लॉग आउट म्हणजे काय? टॅब बंद केली की लॉग आउट होतं का?

‘लॉग इन’ आपण रोज करतो, ‘लॉग आउट’ मात्र क्वचितच. मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत इथल्या झेरॉक्सच्या दुकानात मुलं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतात, पीडीएफची प्रिंट घेतात, पैसे देतात आणि निघतात. चॅट मात्र स्क्रीनवर तसंच! म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ.

अर्थ

‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकायचे. ठरावीक वेळात दोरी किती सुटली, त्यावरून वेग कळायचा. तो ज्या वहीत लिहायचे ती लॉगबुक. पुढे कुठल्याही नोंदवहीला ‘लॉग’ म्हणू लागले. म्हणजे लॉग इन ही आल्याची नोंद आणि लॉग आउट ही गेल्याची. सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये असते ना, अगदी तशी.

वापर कसा करायचा?

इंग्रजीत क्रियापद असेल तर ‘लॉग’ आणि ‘आउट’ वेगळे लिहितात. नाम असेल तर जोडून ‘लॉगआउट’. खात्यातून बाहेर पडायचं असेल तर पुढे ‘ऑफ’ येतं: ‘लॉग आउट ऑफ युअर अकाउंट’. मराठीत आपण ‘मी लॉग आउट केलं’ म्हणतो, आणि आपोआप बाहेर पडलो तर ‘लॉग आउट झालं’. ‘साइन आउट’चा अर्थही तोच.

टॅब बंद करणं पुरेसं का नाही?

लॉग इन केल्यावर वेबसाइट ब्राउझरमध्ये एक छोटी खूण ठेवते, तिला कुकी म्हणतात. टॅब बंद केली तरी ही खूण बहुतेक वेळा तशीच राहते. पुढच्या माणसाने तीच साइट उघडली की पासवर्ड न टाकता तुमचं खातं समोर! लॉग आउट केल्यावर ते सेशन संपतं.

विसरलात तर?

दुकानात परत जायची गरज नाही, फोनवरूनच होतं.

- व्हॉट्सअ‍ॅप: ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा, त्या कॉम्प्युटरवर टॅप करा, ‘लॉग आउट’ दाबा.
- जीमेल: गूगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’ भागात ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये जा, तो कॉम्प्युटर निवडा, ‘साइन आउट’ करा.

या दोन्ही याद्या आत्ताच एकदा बघून घ्या. ओळखीचं नसलेलं डिव्हाइस दिसलं तर लगेच काढा. गूगलच्या यादीत दिसलं, तर पासवर्डही बदलून टाका.