स्वरयंत्रातील निखळलेली कूर्चा : निदान आणि उपचारांचा इतिहास

स्वरयंत्राच्या मागील भागात, वलयाकार क्रिकॉइड कूर्चेच्या वरच्या कडेवर, ॲरिटेनॉइड नावाच्या दोन लहान कूर्चा सांध्यांनी जोडलेल्या असतात. स्वरतंतूंची मागची टोके त्यांनाच जडलेली असल्याने त्यांच्या हालचालीनुसार स्वरतंतू उघडतात व मिटतात. यांपैकी एक कूर्चा निखळली, तर त्या बाजूच्या तंतूची हालचाल खुंटते, आवाज घोगरा होतो आणि गिळताना ठसका लागू शकतो.

जिवंत माणसाच्या स्वरयंत्रात डोकावण्याची वाट प्रथम एका गायनशिक्षकाने रुळवली. मानुएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिले आणि १८५५ मध्ये आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यानंतर लुडविग टुर्क आणि योहान चेर्माक यांनी ही पद्धत रुग्णतपासणीत आणली, तर १८९५ मध्ये आल्फ्रेड किर्स्टाइन यांनी आरशाविना थेट दर्शन साधले.

याच काळात श्वासनलिकेत नळी घालण्याचे तंत्रही वाढत होते. विल्यम मॅक्यूएन यांनी १८७८ मध्ये ग्लासगो येथे भूल देण्यासाठी तोंडावाटे नळी घातली, पहिल्या महायुद्धानंतर आयव्हन मॅगिल यांनी ते तंत्र विकसित केले आणि १९४३ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी वक्र पात्याचा लॅरिंगोस्कोप प्रसिद्ध केला. या तंत्राने असंख्य प्राण वाचवले. मात्र पात्याचा किंवा नळीचा दाब कूर्चेवर पडल्यास, अथवा नळीचा फुगा पुरता रिकामा न करता ती ओढल्यास, क्वचित कूर्चा निखळू लागली. गळ्यावर बसलेला जोरदार मार हेही कूर्चा निखळण्याचे एक कारण आहे.

चेतातंतूच्या पक्षाघातातही स्वरतंतू असाच निश्चल दिसत असल्याने केवळ पाहून निदान होत नाही. सीटी स्कॅन आणि स्नायूंतील विद्युत्क्रिया नोंदवणारी तपासणी यांनी हा भेद स्पष्ट होण्यास मदत होते. निखळलेली कूर्चा भूल देऊन उपकरणाने हलकेच जागी बसवतात, परंतु विलंबाने सांधा आखडला की यशाची शक्यता घटते. अशा वेळी आवाजोपचार, किंवा जपानचे नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये वर्णिलेली, स्वरतंतू मध्यभागाकडे सरकवणारी शस्त्रक्रिया यांचा आधार घ्यावा लागतो.

म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरचा घोगरेपणा काही दिवसांत ओसरला नाही, तर तो नळीचा नेहमीचा त्रास समजून सोडून न देता स्वरयंत्राची तपासणी तातडीने करून घेतली पाहिजे.