मुंबई इलाख्यांतील शिक्षकांची तयारी व तिजवरील देखरेख

पेशवाईअखेरच्या पंतोजीस सनद नव्हती. मुलांच्या घरचें धान्य, सणावारींचा पैसा व गांवाचा विश्वास हीच त्याची मान्यता. पोरांस अक्षर व पावकी-निमकी येईनाशी झाली कीं ती आपोआप सरे. शिक्षकास आधीं शिकवून मग शाळेवर धाडण्याची सरकारमान्य रीत या प्रांतीं 1826 सालीं दिसते. त्या सालीं मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीनें कॅप्टन जार्व्हिस यांच्या कारकीर्दींत 24 शिक्षक तयार करून कोंकण, देश व गुजराथेंत पाठविले.

या 24 असामींविषयीं लिहिणारे बहुधा संख्येवरच थांबतात. आमच्या मतें खरा प्रश्न निराळा. यांची पारख कोणी केली? शिकविणारी मंडळी तीच, पुस्तकें तिचींच, पुढील शाळाही तिच्याच देखरेखीखालच्या. तिसरा डोळा कोठेंच नाहीं.

1840 सालीं हा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. 1845 मध्यें मुंबईंत शिक्षकांचा नॉर्मल वर्ग निघाला व तो बाळशास्त्री जांभेकर यांजकडे सोंपविला गेला. शास्त्रीबोवांकडे शाळा तपासण्याचेंही काम होतें. एकाच पुरुषानें शिक्षक घडवावे आणि शाळांची तपासणीही त्यानेंच करावी, यांत आजच्या वाचकास पक्षपाताचा वास येईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. शिकवणुकींतील उणीव पोरांच्या तोंडून ऐकण्याचा प्रसंग ज्यास येतो, तो आपला वर्ग सुधारल्यावांचून राहणार नाहीं. दुर्दैवानें 1846 च्या मे महिन्यांत ते वारले.

1854 च्या खलित्यानंतर, 1855 पासून, शिक्षणखातें आलें, इन्स्पेक्टर आले. तरी वर्ग चालविणारा व तो तपासणारा एकाच खात्याचा. अध्यापक तयार करणाऱ्या संस्थांस मान्यता देणारी निराळी कायदेशीर परिषद 1993 च्या कायद्यानें निर्माण झाली. तिच्याही तपासणीविषयीं शंका निघालीच. महाराष्ट्रांतील 291 अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला, आणि 2011 सालीं त्या न्यायालयानें माजी सरन्यायाधीश वर्मा यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला. इमारत व अनामत रक्कम कागदावर पाहतां येते. पोरांच्या तोंडची उजळणी ऐकण्यास गांवींच जावें लागतें.

आमचे संग्राहक वतनपत्रें, महजर जपतात. शाळातपासनिसाचे शेरे मात्र रद्दींत घालतात. ज्यांच्या दप्तरीं 1826 ते 1855 च्या दरम्यानचा पंतोजीचा दाखला वा शाळेचा हजेरीपट असेल, त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी.