साध्या गिटारला पिकअप बसवायचा आहे? भोक पाडण्याआधी हे समजून घ्या

सिंदी मेघे हे वर्धा शहराला लागूनच असलेलं गाव. इथे किंवा विदर्भातल्या अशाच कुठल्याही गावात अकूस्टिक गिटार वाजवणाऱ्याला सराव घरीच करता येतो. अडचण येते ती गॅदरिंग, गणेशोत्सव किंवा भजनसंध्येच्या स्टेजवर. ढोलक आणि कीबोर्डच्या आवाजात गिटार ऐकूच येत नाही. माइक जवळ नेला की स्पीकर शिट्टी मारतो. मग आहे त्याच गिटारमध्ये पिकअप बसवून घेण्याचा विचार सुरू होतो.

पिकअपचे सुटे संच ऑनलाइन मिळतात आणि नागपूरच्या वाद्यांच्या दुकानांतही सापडतात. गिटार दुरुस्त करणारा जाणकार कारागीर मात्र प्रत्येक गावात नसतो. म्हणून अनेक जण हे काम घरीच करतात. काम अवघड नाही, पण लाकडात एकदा पाडलेलं भोक बुजत नाही. त्यामुळे ड्रिल हातात घेण्याआधी पुढच्या गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

पिकअप म्हणजे काय?

माइक हवेतला आवाज पकडतो. पिकअप तारेचं किंवा लाकडाचं कंपन थेट पकडून त्याचा विद्युत संकेत बनवतो. आजूबाजूचा गोंगाट त्यात फारसा येत नाही.

अकूस्टिक गिटारमध्ये सर्वाधिक वापरला जातो तो पिझो पिकअप. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. गॅसची शेगडी पेटवणाऱ्या खटका-लायटरची ठिणगी याच तत्त्वावर पडते. गिटारमध्ये हा दाब तारांच्या कंपनामुळे पडतो. दुसरा प्रकार चुंबकीय पिकअपचा. वाद्याला बाहेरून लावता येणारे असे पिकअप अमेरिकेत १९३० च्या दशकातच विकले जाऊ लागले होते.

कोणता प्रकार घ्यावा?

*साउंडहोलमध्ये बसणारा चुंबकीय पिकअप:* गिटारच्या गोल भोकात स्क्रूने आवळून बसतो. लाकूड कापावं लागत नाही आणि हवा तेव्हा काढून ठेवता येतो. शिट्टीही कमी येते. पण चुंबकाला फक्त पोलाद कळतं. ब्राँझच्या वेटोळ्याच्या तारांमधली आतली पोलादी तारच तो ओळखतो. त्यामुळे वरच्या पट्टीच्या दोन साध्या तारा जास्त मोठ्याने ऐकू येऊ शकतात. नायलॉनच्या तारांवर तो चालतच नाही.

*सॅडलखालचा पिझो:* ब्रिजमधल्या पांढऱ्या पट्टीला सॅडल म्हणतात. तिच्या खाली पातळ पट्टीसारखा हा पिकअप बसतो. बहुतेक कंपन्यांच्या पिकअपसह येणाऱ्या गिटारमध्ये हीच रचना असते. आवाज स्पष्ट येतो, मात्र जोरात वाजवल्यास थोडा कडक, प्लॅस्टिकसारखा वाटतो. बसवताना ब्रिजमध्ये एक बारीक भोक पाडावं लागतं आणि सॅडल घासावी लागते.

*ब्रिजच्या आतून चिकटवायच्या चकत्या:* गिटारच्या पोटात ब्रिजच्या बरोबर खाली लाकडाची एक पट्टी असते. तिला दोन-तीन पिझो चकत्या चिकटवतात. सॅडलला हात लावावा लागत नाही आणि आवाज लाकडाच्या जवळचा येतो. पण गिटारची पेटी जेवढी कंप पावते तेवढं सगळं या चकत्या उचलतात. म्हणून मोठ्या आवाजाच्या स्टेजवर शिट्टीचा धोका जास्त.

महिन्यातून एखादा कार्यक्रम असेल, तर पहिला प्रकार पुरतो. सतत स्टेजवर वाजवणाऱ्याला दुसरा किंवा तिसरा उपयोगी पडतो.

प्रीअ‍ॅम्प कशासाठी?

पिझोची वायर थेट मिक्सरला लावली की आवाज किरकिरा येतो, त्यात भरीवपणा नसतो. दोष बहुतेक वेळा पिकअपचा नसतो, जोडणीचा असतो. २७ मिलिमीटरच्या साध्या पिझो चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड असते. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध साधारण १० किलोओहम धरला, तर या दोघांच्या जोडीत सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचे स्वर दबू लागतात. गिटारच्या मोकळ्या तारांचे मूळ स्वर मात्र ८२ ते ३३० हर्ट्झच्या दरम्यान असतात. म्हणजे गिटारचा गाभाच बाहेर राहतो.

तीच चकती १ मेगाओहम रोधाच्या इनपुटला जोडली, तर ही सीमा ८ हर्ट्झपर्यंत खाली येते आणि सगळे स्वर नीट पोहोचतात. सॅडलखालच्या पट्टीची धारिता चकतीपेक्षा बरीच कमी असते. तिला त्याहून मोठा रोध लागतो. हे काम प्रीअ‍ॅम्प करतो. संचात तो आतच असेल तर ९ व्होल्टची बॅटरी लागते. नसेल तर बाहेरचा प्रीअ‍ॅम्प किंवा पिझोसाठी चालणारा डीआय बॉक्स घ्यावा.

आधी गिटार तपासा

ब्रिज मागच्या बाजूने उचलला गेला आहे का, हे पोस्टकार्ड त्याच्या कडेला सरकवून पाहावं. कार्ड आत जात असेल तर आधी ब्रिजची दुरुस्ती करावी, पिकअप नंतर. वरच्या फळीला चीर नाही ना, तेही पाहावं.

तारा सैल करून छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च साउंडहोलमधून आत धरावा. फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या दिसतील. भोक या पट्टीत जाता कामा नये. स्वस्त गिटारमध्ये ब्रिज कधी कधी स्क्रू-नटांनीही पक्का केलेला असतो. चकत्यांची जागा ठरवताना ते नट आड येतात.

सॅडलच्या खाचेची रुंदीही मोजावी. ती साधारण २.४ किंवा ३.२ मिलिमीटर असते आणि पिकअपची पट्टी त्याच मापाची मागवावी लागते. गिटार महाग, भरीव लाकडाची किंवा वॉरंटीत असेल, तर हे काम कारागिरालाच द्यावं.

जॅकचं भोक: सर्वांत जोखमीचं काम

गिटारच्या बुडाशी पट्टा अडकवायचं बटण असतं. ते काढून तिथे जॅक बसवतात. त्यासाठी साधारण १२ मिलिमीटरचं भोक लागतं. नेमकं माप संचाच्या माहितीपत्रात पाहावं. आत लाकडाचा जाड ठोकळा असल्याने जागा मजबूत असते. गडबड होते ती वरच्या पॉलिशची. मोठं बिट एकदम टेकवलं की पॉलिशचे टवके उडतात किंवा ठोकळा चिरतो.

१. भोकाच्या जागी मास्किंग टेपचे दोन थर लावावेत.

२. आहे ते भोक हळूहळू मोठं करावं. निमुळता हाताचा रीमर सर्वांत सुरक्षित. ड्रिलच वापरायचं असेल तर लहानाकडून मोठ्याकडे जाणारी बिटं घ्यावीत. प्रत्येक बिट सुरुवातीला उलटं फिरवावं, म्हणजे पॉलिश न उचकटता कापलं जातं.

३. दुसऱ्या माणसाने गिटार गादीवर घट्ट धरावी. मांडीवर धरून ड्रिल चालवू नये.

४. मधून मधून जॅक लावून पाहावा. तो सहज, पण न हलता गेला पाहिजे.

जॅक आतून बाहेर यावा लागतो आणि तिथवर हात पोहोचत नाही. बांबूची बारीक काडी बाहेरून भोकात घालून साउंडहोलपर्यंत न्यावी, जॅकच्या तोंडात अडकवावी आणि हळूच बाहेर ओढावी. आतला नट असा लावावा की बाहेर फक्त वॉशर, नट आणि पट्ट्याच्या टोपणापुरते आटे दिसतील. आटे कमी पडले तर जॅक ढिला राहतो. मग तो फिरतो आणि आतल्या वायरी तुटतात.

सॅडलखाली पिकअप बसवताना

सॅडल काढून खाचेच्या एका टोकाला माहितीपत्रात दिलेल्या मापाचं, साधारण ३ मिलिमीटरचं भोक किंचित तिरकं पाडावं. वायर काटकोनात मोडू नये म्हणून हा तिरकेपणा. भोकाखाली आतून लाकडाचा तुकडा दाबून धरला तर खालचं लाकूड फाटत नाही. खाचेतला भुसा पूर्ण साफ करावा. भुशाचा एक कण राहिला तरी त्याच्यावरची तार वेगळी वाजते.

पट्टीच्या जाडीइतकी सॅडल वर येते आणि तारा उंच होतात. म्हणून सॅडलच्या तळातून तेवढाच भाग कमी करावा. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर सॅडल उभी धरून सरळ रेषेत घासावी. तळ अगदी सपाट राहिला पाहिजे. गोलाई आली तर कडेच्या किंवा मधल्या तारांचा दाब पट्टीवर नीट पडत नाही आणि त्या मंद वाजतात. सॅडल खाचेत बोटांनी बसावी आणि बोटांनीच निघावी. ठोकून बसवावी लागत असेल तर ती बाजूंना अडकते आणि दाब खाली पोहोचत नाही.

चकत्या लावायच्या असतील तर आधी दुहेरी टेपने लावून वाजवून पाहाव्यात. जागा थोडी बदलली की आवाज बदलतो. पसंत पडल्यावरच गोंदाने पक्क्या कराव्यात.

बॅटरी आणि वायरी

प्रीअ‍ॅम्पच्या संचात बहुतेकदा स्टिरिओ जॅक असतो. त्याचा तिसरा संपर्क बॅटरीचा स्विच म्हणून वापरलेला असतो. साधी मोनो पिन आत गेली की बॅटरीचं मंडल पूर्ण होतं. त्यामुळे वाजवून झाल्यावर पिन काढली नाही, तर बॅटरी रात्रभर उतरत राहते.

बॅटरीची पिशवी वेल्क्रोने पक्की करावी आणि वायरी चिकट क्लिपांनी बसवाव्यात. सैल वायर फळीला टेकली की विशिष्ट स्वरावर झर्र असा आवाज येतो.

वाजवून पाहताना

- एकच तार मंद: सॅडलचा तळ किंवा खाचेतला भुसा तपासावा.
- सगळा आवाज किरकिरा: प्रीअ‍ॅम्प, बॅटरी किंवा इनपुटचा रोध पाहावा.
- जॅक हलवल्यावर खरखर: सोल्डरिंग सुटलं आहे किंवा नट ढिला आहे.
- घुमणारी शिट्टी: गिटारच्या पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. साउंडहोलला रबरी झाकण लावावं, मिक्सरवर तो पट्टा थोडा कमी करावा आणि मॉनिटरचं तोंड गिटारपासून वळवावं.

स्टेजवरच्या विजेचं काय?

हा भाग पिकअपच्या माहितीपत्रात सहसा नसतो. पिकअप लावल्यावर गिटार एका धातूच्या जॅकने साउंडच्या यंत्रणेला जोडली जाते. तात्पुरत्या मांडवात अर्थिंग नसेल किंवा वायरिंग चुकलेलं असेल, तर गिटारची बाजू आणि माइक यांच्यात धोकादायक विद्युतदाब येऊ शकतो. हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी धक्का थेट शरीरातून जातो. ब्रिटनमधील स्वान्सी येथे १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी याचा स्टेजवर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.

म्हणून माइक आणि गिटारचा अ‍ॅम्प एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून चालवावेत. तिसरी पिन काढून टाकलेली वायर वापरू नये. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असावा. माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवावं आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून वाजवू नये.

विदर्भातला उन्हाळा आणि कूलर

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बंद गाडीतली उष्णता त्याहून बरीच जास्त असते. तिथे ठेवलेल्या गिटारच्या ब्रिजचा गोंद मऊ पडतो आणि आतल्या दुहेरी टेपही सुटतात. उलट कूलरसमोर ठेवलेली गिटार ओलसर हवेने फुगते, फळी वर येते आणि सॅडलचा पट्टीवरचा दाब बदलतो. गिटार पेटीत ठेवावी आणि आर्द्रता शक्यतो ४५ ते ५५ टक्के राखावी. पावसाळ्यात जॅकचे संपर्क कोरड्या कापडाने पुसावेत.

सतार-तंबोऱ्याला चालेल का?

तत्त्व तेच आहे, कृती मात्र वेगळी. मिरजेत सतार-तंबोरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे आणि तिथल्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांचा भोपळा आणि तबली गिटारच्या ठोकळ्याइतकी मजबूत नसते. त्यांना भोक न पाडता बाहेरून लावता येणारा पिकअपच घ्यावा आणि तोही वाद्य बनवणाऱ्याला विचारून.

गिटारच्या बाबतीतही साउंडहोलच्या पिकअपने काम भागत असेल, तर सुरुवात तिथूनच करणं शहाणपणाचं. तो आवडला नाही तर काढून ठेवता येतो आणि गिटार होती तशीच राहते.