चाकावरची चाकरी : करवीर नगरीतील मालमोटार-चालकांचा पूर्वेतिहास

करवीर नगरीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे राजे, मल्ल, चित्रकार आणि चित्रपट-निर्माते यांची नावे आपोआप लेखणीवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु येथला गूळ गुजरातच्या पेढ्यांवर पोहोचला तो कोणाच्या हातून, येथल्या कारखान्यांची साखर मुंबईच्या गोदीपर्यंत नेली कोणी, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आमच्या ज्ञातीतील किती तरी घरांतून एक तरी माणूस या कामी चाकावर बसलेला आहे. त्याच्या चाकरीची हकीकत या वार्षिक अंकात नोंदून ठेवावी, एवढ्याच हेतूने हा लेख आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

मोटारीपूर्वी घाटावरचा माल कोकणात आणि कोकणचा माल घाटावर येई तो बैलांच्या पाठीवरून व बैलगाड्यांतून. फोंडा, आंबा, अणस्कुरा, गगनबावडा या वाटांनी गूळ, तंबाखू, मिरची खाली उतरे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. मालाची जोखीम पत्करून तो ठरल्या ठिकाणी पोहोचविणाऱ्या मध्यस्थास हुंडेकरी म्हणत, व हा शब्द वाहतूक-धंद्यात पुढेही टिकून राहिला. १८९१ साली मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत आगगाडी आली, आणि १८९५ साली छत्रपती शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला की या पेठेत गाड्यांची रीघ लागे. त्या काळचा गाडीवान श्रीमंत होता असे नव्हे. पण बैल बहुधा त्याचे स्वतःचे असत, आणि बैल थकला की गाडी थांबे. जनावर विश्रांती घेई तेव्हा माणूसही घेई. या धंद्याचा तो अलिखित कायदाच होता. इंजिन थकत नाही. तेव्हा मोटार आल्यानंतर माणसाच्या विश्रांतीचा कायदा कागदावर लिहावा लागला. पुढील सारा इतिहास या एका फरकातून निघालेला आहे.

मोटारीसंबंधीचा पहिला अखिल हिंदुस्थानचा कायदा १९१४ सालचा. तथापि मालमोटारीचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. लष्कराने विक्रीस काढलेल्या जुन्या गाड्या धंदेवाइकांनी घेतल्या व त्यांचे हौदे बदलून त्या मालास जुंपल्या. १९४८ साली मुंबई राज्यात एस. टी. सुरू झाली आणि उतारू-वाहतूक हळूहळू सरकारी महामंडळाकडे गेली; तेव्हा खाजगी मालकांना मालवाहतुकीचा मार्ग अधिक मोकळा वाटू लागला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५४ पासून टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि डिझेलची गाडी आवाक्यात आली.

आगगाडी असताना लॉरीस इतके महत्त्व का आले, याचेही कारण नमूद करणे अवश्य आहे. कोल्हापूर-मिरज-पुणे हा लोहमार्ग त्या वेळी मीटरगेज होता व पुण्यापासून मुंबईचा ब्रॉडगेज. म्हणजे मुंबईस जाणारा माल पुण्यास एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. वेळ जाई, हमाली दुप्पट पडे, आणि गुळासारखा नाजूक माल फुटे. लॉरी मात्र अडत्याच्या दारातून निघून थेट गिऱ्हाइकाच्या दारात उभी राही. १९७१ च्या सुमारास हा मार्ग ब्रॉडगेज झाला, तोवर व्यापाराला रस्त्याची सवय जडून गेली होती. शिवाय उद्यमनगरातील मिस्त्री मंडळी कोणताही मोडलेला भाग घडवून देत; त्यामुळे गाडी येथे फार दिवस खोळंबून राहत नसे.

हे काम शिकविणारी शाळा नव्हती. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. ताडपत्री बांधणे, दोर आवळणे, चढावर गाडी थांबली की उडी टाकून चाकास दगड लावणे, पहाटे काच पुसणे, आणि वस्तादाला झोप येऊ नये म्हणून बोलत राहणे, ही त्याची पहिली इयत्ता. कात्रज व खंबाटकी हे दोन घाट भरल्या गाडीने रात्री उतरून दाखविले म्हणजे तो पास झाला असे वस्ताद मानीत. गाडी कोणत्या गिअरमध्ये चढविली त्याच गिअरमध्ये उतरवावी, ही शिकवण आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही लहानपणी ऐकलेली आहे.

या चालकांत पुढे दोन वर्ग पडले. एक लॉरी-मालकाकडील चालक, व दुसरा कंपनीचा चालक. सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, स्थापन झाला. शिरोली व गोकुळ शिरगाव येथे औद्योगिक वसाहती झाल्या. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीचे बॉक्साइट ट्रकांतून बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जाऊ लागले. कंपनीच्या गाडीवरील माणसास महिन्याच्या महिन्यास पगार, हजेरीपट, बोनस, भविष्य निर्वाह निधी असे काही ना काही मिळे. लॉरीवरील माणसाचा हिशेब खेपेवर. वरखर्चास भत्ता, सणावारास उचल, आणि माल कमी भरला तर तूटही त्याच्याच अंगावर. उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नसे, आणि फिटत आली की दुसरी उचल घेण्याचा प्रसंग घरात येई. स्थळ पाहावयास गेलेले वडीलधारे ‘मुलगा कंपनीत ड्रायव्हर आहे का मालकाच्या गाडीवर?’ हे आवर्जून विचारीत, ते उगाच नव्हे.

आता कायद्याकडे वळू. १९३९ च्या मोटार कायद्यानेच सलग पाच तास गाडी चालविल्यावर अर्धा तास विश्रांती दिली पाहिजे असे सांगितले होते. पुढे १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसास आठ तास, आठवड्यास अठ्ठेचाळीस तास, आठवड्यातून एक दिवस सुटी, जादा कामास दुप्पट दर, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, लांब पल्ल्याच्या गाडीस परवानगीने दहा तासांची मर्यादा, असे त्याचे स्वरूप. केवळ भाड्याने माल नेणाऱ्या धंद्यालाच नव्हे, तर स्वतःचा माल स्वतःच्या गाडीतून नेणाऱ्या कंपनीलाही हा कायदा लागू होता. उणीव एकच. पाच किंवा अधिक कामगार ज्याच्याकडे आहेत त्यालाच तो लागू. आमच्या जिल्ह्यात तर एक-दोन गाड्यांचा मालक हाच नेहमीचा मालक. त्यामुळे ज्याला आधाराची निकड अधिक, तोच चालक नेमका उंबऱ्याबाहेर राहिला.

त्याच गाडीत पोती चढविणाऱ्या हमालाची कथा निराळी झाली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले व १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाचा मालक रोज बदलत असला तरी त्याची नोंद मंडळाकडे राहावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, अशी व्यवस्था त्यात आहे. हमाल नाक्यावर एकत्र बसतात, म्हणून एकत्र येऊ शकले. चालक मात्र आपल्या खोलीत एकटाच, आणि सहकारी भेटला तरी समोरून दिवा दाखवून निघून जातो. संघटना कमी पडली ती स्वभावामुळे नव्हे, कामाच्या रीतीमुळे, असे आम्हांस वाटते.

येथे आमच्या घरची एक हकीकत सांगणे भाग आहे. जकात नाक्यांच्या काळातील ही गोष्ट. आमचे एक चुलते एकाच मालकाच्या गाडीवर कित्येक वर्षे होते. लागोपाठ तिसऱ्या रात्रीच्या खेपेत पहाटे घाटात गाडी कलंडली व ते जागीच गेले. तेराव्यानंतर आमचे वडील मालकाकडे गेले, तेव्हा ‘ते आमचे नोकर नव्हते, त्या दिवशी बदलीवर आले होते’ असे उत्तर मिळाले. नेमणुकीचा कागद नव्हता, हजेरीपट नव्हता. १९२३ च्या कायद्याप्रमाणे कामावर मृत्यू आल्यास वारसांना भरपाई मिळते, आणि गाडीच्या विम्यात पगारी चालकाची ही जोखीम धरलेलीच असते, हे आमच्यापैकी कोणास ठाऊक नव्हते. वस्तुतः रक्कम विमा कंपनीने द्यावयाची होती. आमच्या समजुतीप्रमाणे मालकास भीती होती ती तीन रात्री एकाच माणसास जुंपल्याचे उघड होईल याची.

आम्हांस तारले ते चुलत्यांच्या सदऱ्याच्या खिशातील एका वहीने. भत्त्याचा हिशेब चुकू नये म्हणून ते प्रत्येक खेप तारीखवार लिहून ठेवीत, आणि जकातीच्या पावत्या त्यात घडी घालून ठेवीत. पावतीवर गाडीचा क्रमांक होता, तारीख होती. अकरा महिन्यांच्या नोंदी आयुक्तांपुढे मांडल्यावर ‘बदली’ ही सबब टिकली नाही. काकूंना रक्कम मिळाली, धाकट्या दोघांचे शिक्षण झाले. ती वही आमच्या घरी अद्याप जपून ठेवली आहे.

त्यानंतर रस्ता पुष्कळ बदलला. पुणे-बंगळूर मार्ग चौपदरी झाला, जकात नाकी उठली, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. सोय झाली यात शंका नाही. परंतु चालकाच्या हाती पडणारी पावतीही त्याबरोबर गेली. कोगनोळीच्या नाक्यावरून गाडी किती वाजता गेली हे आता मालकाच्या खात्यात नोंदले जाते, चालकाच्या खिशात नव्हे. पुष्कळ कारखान्यांनी स्वतःच्या गाड्या ठेवण्याऐवजी वाहतूक ठेकेदारांवर सोपविली. ‘कंपनीचा ड्रायव्हर’ हा शब्द राहिला, कंपनी मात्र दूर गेली. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा शिरोलीजवळ गाड्यांच्या रांगा लागल्या. त्या दिवसांचा भत्ता कोणी द्यावा, या प्रश्नाला खेपेच्या हिशेबात उत्तरच नसते.

जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेल. अपघातानंतर खबर न देता निघून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत होती. वाहतूकदारांशी विचारविनिमय केल्यावाचून ती अंमलात आणणार नाही असे सरकारने सांगितले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता ते पोटकलम वगळूनच लागू झाली. संहितेचा हेतू जखमी माणसास मदत मिळावी हा होता, तो अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु थांबलेल्या चालकास जमाव काय करतो, हेही ज्याच्या घरी चालक आहे त्यास सांगावयास नको.

१९६१ च्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. कामगारास नेमणूकपत्र दिलेच पाहिजे असे तीत म्हटले आहे, ही फार मोलाची गोष्ट. पण जुना उंबरठा पाचाचा होता, नव्या संहितेत मोटार-वाहतूक धंद्यासाठी तो दहाचा आहे. म्हणजे पाच ते नऊ माणसे ठेवणाऱ्या मालकाकडील चालक, जो काल आत होता, तो आज बाहेर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांत चालकाच्या खोलीस वातानुकूलन सक्तीचे झाले. उन्हाचा ताप त्याने कमी होईल, जागरणाचा होणार नाही.

म्हणून ज्या घरांतून कोणी चाकावर आहे त्यांना आमची नम्र सूचना आहे. नेमणुकीचा कागद मागावा, आणि तो मागण्यात कमीपणा मानू नये. गाडीच्या विम्याची एक प्रत घरी असू द्यावी. आणि खेपेची नोंद स्वतःच्या हाताने ठेवावी : निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, मिळालेला भत्ता, घेतलेली उचल. नोंद दूरध्वनीत ठेवली तरी तिची एक प्रत घरी पाठवावी, कारण दूरध्वनीही गाडीबरोबरच जातो. लिहिता न येणाऱ्यास घरातील मुलांनी मदत करावी. ज्ञातीच्या कार्यालयात अशा नोंदी जपण्यासाठी एक कपाट राखता येईल काय, याचा कार्यकारी मंडळाने विचार करावा अशी आमची विनंती आहे. आमच्या चुलत्यांची वही त्या कपाटात पहिली ठेवावयास आम्ही सिद्ध आहो.